बंदूक-हक्क संघटनेचं सभासद व्हावं का? (अमेरिका, ग्रीन कार्ड)

फेअरफॅक्सकर

नमस्कार मंडळी. मुक्काम व्हर्जिनिया, ग्रीन कार्ड, घरी रीतसर घेतलेलं एक ९ एमएम पिस्तूल. रेंजवर गेलं की एनआरए, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशनचा, फॉर्म पुढे करतात, दुकानदार म्हणतो एनआरए सोडा, जीओए (गन ओनर्स ऑफ अमेरिका) घ्या, आणि नेटवर एफपीसी (फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन) आणि एसएएफचा बोलबाला. आजीव सभासदत्वावर 'आजच्यापुरती' सवलत आहे असंही सांगतात.

वर्गणी नेमकी कशावर खर्च होते हे कसं तपासायचं? राष्ट्रीय संघटना घ्यावी की राज्यातली? करात सूट मिळते का? आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे, त्यात याची काही अडचण? बंदुका हव्यात की नकोत या वादात शिरायचं नाहीये, तो दुसऱ्या धाग्यावर जोरात चालू आहेच.

निशाणबाज

सगळ्या संघटना एकच काम करतात असं धरून चाललं की निवड चुकते. कामं ढोबळमानाने तीन: कोर्टात खटले लढवणं, कायदेमंडळात विधेयकं अडवणं किंवा पुढे रेटणं, आणि प्रशिक्षण व नेमबाजीच्या स्पर्धा. आपला पैसा यातल्या कशावर लागावा हे आधी ठरवा, नाव मग आपोआप सुचेल.

एनआरए १८७१ ची. सुरुवात नेमबाजी सुधारण्यासाठी झाली, कायदेमंडळात वजन टाकणारी शाखा १९७५ मध्ये निघाली. प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देण्याची तिची व्यवस्था आजही सगळ्यात मोठी. एसएएफ म्हणजे सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन, १९७४ ची, भर खटल्यांवर. शस्त्रहक्क राज्यांनाही बंधनकारक आहे असं ठरवणारा २०१० चा मॅकडोनाल्ड विरुद्ध शिकागो खटला तिनेच इलिनॉयच्या राज्य संघटनेबरोबर लढवला. एफपीसीही मुख्यतः खटलेवाली. जीओए 'तडजोड नाही' म्हणणारी, विधेयकांवर आमदार-खासदारांना गुण देत बसणारी.

राज्य संघटनांना लोक उगाच दुय्यम समजतात. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याच्या परवान्याचं चित्र ज्या २०२२ च्या ब्रूएन निकालाने देशभर बदललं, त्यातली वादी न्यूयॉर्क राज्याची रायफल अँड पिस्टल असोसिएशन होती.

माझं मत: पहिलं वर्ष एक राज्य संघटना आणि एक खटलेवाली. दोन्ही मिळून शंभर डॉलरच्या आत बसतं. आजीव घेऊ नका. ती 'आजच्यापुरती' सवलत पुढच्या महिन्यातही असते.

हिशेबनीस

वर्गणी कुठे जाते हा प्रश्न बरोबर विचारलात, कारण उत्तर जाहीर कागदावर असतं. प्रत्येक मोठ्या संघटनेला आयकर खात्याकडे फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. आयआरएसच्या साइटवर मिळतो, प्रोपब्लिकाच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर वाचायला सोपा पडतो. फॉर्म उशिरा येतो. कॅलेंडर वर्ष पाळणारी संघटना मुदतवाढ घेऊन पुढच्या नोव्हेंबरात भरते, म्हणून ताजा म्हणून हाती लागतो तोही वर्षभर जुना असतो. एकच वर्ष पाहू नका, लागोपाठची तीन शेजारी ठेवा.

काय पाहायचं? भाग ९ मध्ये खर्चाचे चार स्तंभ असतात: एकूण, मूळ कार्य, प्रशासन, निधी-उभारणी. लोक चौथा स्तंभ पाहून खूश होतात आणि तिथेच फसतात. निधी मागणाऱ्या पत्रात चार ओळी 'जनजागृती'च्या घातल्या की त्या टपालाचा काही खर्च मूळ कार्यात दाखवता येतो. त्याची खूण त्याच भागाच्या तळाशी, २६ व्या ओळीत, 'जॉइंट कॉस्ट्स' या नावाखाली सापडते. तिथला आकडा मोठा असेल तर 'मूळ कार्य' म्हणजे बरंचसं टपालच. मग भाग ७: पदाधिकाऱ्यांचे पगार आणि सगळ्यात महागडे पाच कंत्राटदार. त्या पाचांत वकिलांच्या फर्म आहेत की फोन करून पैसे मागणाऱ्या कंपन्या, एवढ्यावरून संघटनेचा स्वभाव कळतो. शेवटी शेड्यूल एल, म्हणजे आतल्या माणसांशी झालेले व्यवहार. ते कोरं नसेल तर त्यातला खुलासा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एनआरएचं प्रकरण या चष्म्यातून बघा. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी संघटनेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल २०२० मध्ये दावा लावला. २०२१ च्या जानेवारीत संघटनेने टेक्सासमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तो मे महिन्यात फेटाळला गेला. संघटनेचे अनेक वर्षांचे प्रमुख वेन लापिएर २०२४ च्या जानेवारीत पायउतार झाले, फेब्रुवारीत ज्यूरीने त्यांना सुमारे ४३ लाख डॉलर परत करायला सांगितलं. जुलैत न्यायाधीशांनी त्यांना संघटनेत पगारी पद घ्यायला दहा वर्षांची बंदी घातली, बाहेरचा देखरेख अधिकारी मात्र नेमला नाही. म्हणून एनआरए बाद, असं मी म्हणत नाही. पण नव्या कारभाराचे फॉर्म वाचून मगच ठरवा. संघटनेच्या कारभारात मत हवं असेल तर आणखी एक: तिथे संचालक निवडण्याचा हक्क आजीव सभासदांना किंवा सलग पाच वर्षं वर्गणी भरणाऱ्यांनाच. मध्ये खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

करसूट: एनआरए, जीओए, एफपीसी या ५०१(सी)(४) या करवर्गातल्या आहेत, वर्गणीवर वजावट नाही. एसएएफ, एनआरए फाउंडेशन, एफपीसीची ॲक्शन फाउंडेशन या (सी)(३), यांच्या देणगीवर वजावट मिळते; २०२५ च्या करवर्षापर्यंत ती फक्त आयटमाइझ करणाऱ्यांना, म्हणजे वजावटी एकेक करून दाखवणाऱ्यांनाच होती. एकाच कुटुंबातल्या दोन संस्था असतात, चेक कुणाच्या नावाने लिहिताय ते पाहा.

तारीख_पे_तारीख

खटलेवाल्या संघटनांबद्दल वर एक गोष्ट राहिली. सभासदत्वाचा थेट कायदेशीर फायदा होऊ शकतो, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो.

२०२३ मध्ये शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याने, एटीएफने, पिस्टल ब्रेसचा, म्हणजे पिस्तुलाला हाताचा आधार देणाऱ्या दस्त्याचा, नियम आणला. ज्यांच्या पिस्तुलाला तो दस्ता लावलेला होता त्यांनी ३१ मेपर्यंत नोंदणी करायची, दस्ता काढायचा किंवा हत्यार सोडून द्यायचं. मुदतीच्या आधी आठवडाभर फिफ्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने मनाई हुकूम दिला, तो वादींपुरता. मग 'वादी' म्हणजे कोण यावर खुलासा आला: एफपीसीचे सभासदही त्यात धरायचे. एसएएफच्या सभासदांनाही टेक्सासमधल्या दुसऱ्या खटल्यात तसंच संरक्षण मिळालं. म्हणजे सारखंच पिस्तूल असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी सभासद असलेला सुरक्षित, दुसरा नाही. पुढे २०२४ च्या जूनमध्ये तो नियमच रद्द झाला, पण मधले महिने लोकांनी जीव मुठीत धरून काढले.

२७ जून २०२५ च्या ट्रम्प विरुद्ध कासा निकालानंतर एका जिल्हा न्यायाधीशाने देशभर लागू होणारा मनाई हुकूम देणं अवघड झालंय, त्यामुळे 'वादी कोण' याला आणखी किंमत आली. मात्र हुकूम आल्यावर धावत जाऊन सभासद होण्यात अर्थ असेलच असं नाही. काही आदेशांत खटला दाखल झाला त्या दिवशी यादीत असलेल्यांनाच लाभ मिळतो. पावती आणि सभासदत्वाचा ईमेल तारखेसकट जपून ठेवा.

हे म्हणजे वकील मिळाला असं नव्हे. स्वसंरक्षणात गोळी चालवली आणि गुन्हा दाखल झाला तर यातली कुठलीही वर्गणी तुमच्या वकिलाची फी भरणार नाही. त्यासाठी यूएससीसीए किंवा सीसीडब्ल्यू सेफ यांची सेवा असते, तिचा करार वेगळा. गल्लत करू नका.

विमानतळ_ते_व्हिसा

नागरिकत्वाबद्दल. सभासद व्हायला बंदूक लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातले संघटनांचे प्रश्न कम्युनिस्ट किंवा हुकूमशाही पक्ष, दहशतवाद आणि माणसांवर शस्त्र चालवणारे गट यांच्याबद्दल आहेत. कायदेशीर हक्क-संघटनेची वर्गणी त्यात येत नाही. अर्ज भरताना चालू असलेली आवृत्ती शब्दशः वाचा एवढंच.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. या संघटनांच्या टेबलांवर सभासदत्वाच्या फॉर्मशेजारीच मतदार-नोंदणीचा फॉर्म असतो. गडबडीत दोन्हींवर सही करणारे असतात. ग्रीन कार्डवर मतदार म्हणून नोंदणी म्हणजे नागरिक असल्याचा खोटा दावा, त्याने नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, हद्दपारीही होऊ शकते. 'नोंदणीकृत मतदारांच्या' म्हणून फिरणाऱ्या अर्जावरही सही नाही. क्लिपबोर्ड हातात आला की आधी वरची ओळ वाचायची.

पैशाचं: ग्रीन कार्डवाल्याला निवडणूक-निधीला, म्हणजे पॅकला, देणगी देता येते. एच-१बी, एल-१, एफ-१ वाल्यांना संघराज्य कायद्याने पूर्ण बंदी. नेहमीची वर्गणी चालते, पण ऑनलाइन पैसे भरताना 'पॅकलाही १० डॉलर' असा चौकोन आधीच टिकलेला असू शकतो, तो काढा. कॅलेंडर वर्षात २०० डॉलरवर पॅक-देणगी गेली की नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण एफईसीच्या, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाच्या, साइटवर जाहीर होतं. साधी सभासद-यादी तशी जाहीर होत नाही.

हा धागा वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांसाठी: रेंजवर भाड्याने बंदूक हातात घेणं हेही कायद्याने 'बाळगणं'च. अमेरिकेतल्या राज्याचं चालू शिकार-लायसन्स असल्याखेरीज तो गुन्हा आहे, रेंजवाल्याने विचारलं नाही तरीही. आणि ग्रीन कार्डवर शस्त्र-कायद्याचा गुन्हा सिद्ध झाला तर तेवढ्यावर हद्दपारी होऊ शकते. दुकानातून बंदूक घेताना लागणारा ४४७३ फॉर्म भरताना घाई नको.

रिचमंड_वारी

व्हर्जिनियापुरतं बोलतो. तुमच्या पिस्तुलावर रोज परिणाम करणारे नियम राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये ठरतात. २०२० च्या जुलैपासून लागू झालेले सगळ्या विक्रीवर पार्श्वभूमी-तपासणी, महिन्याला एकच हँडगन, रेड फ्लॅग (धोकादायक वाटणाऱ्याचं शस्त्र कोर्टाच्या हुकमाने तात्पुरतं काढून घेणं) हे सगळे तिथलेच. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं, सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी त्याहून बरंच कमी. बहुतेक विधेयकं उपसमितीतच निकालात निघतात, सकाळी सातच्या बैठकीत, पाच-सात मतांवर. फोन तेव्हा केला तर उपयोग, सभागृहात मतदान असताना केला तर उशीर.

व्हीसीडीएल, म्हणजे व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग, नेमकं हेच पाहते. तिचं व्हीए-अलर्ट ईमेल फुकट आहे, त्याला सभासदत्व लागत नाही. एक अधिवेशनभर ते वाचा. कुठलं विधेयक, कुठली उपसमिती, कोणता आमदार हे वेळेवर कळतंय का बघा. कळत असेल तर वर्गणी भरा. लॉबी-डे जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी असतो, ग्रीन कार्डवाल्यानेही आमदाराला भेटायला हरकत नाही. पिस्तूल घरी ठेवून जा, कॅपिटॉल स्क्वेअरमध्ये बंदी आहे.

फेअरफॅक्सकर

भरपूर मिळालं, आभार. म्हणजे अलर्ट आधी, आजीव नाही, आणि क्लिपबोर्डपासून सावध. एक शंका: रेंजचं सभासदत्व घ्यायला एनआरए सक्तीचं आहे असं सांगतात. हे खरं असतं का?

निशाणबाज

असतं. काही खासगी क्लब शंभर टक्के एनआरए सभासद असण्याची अट ठेवतात. क्लबची नियमावली मागा, तोंडी सांगणं धरू नका. अट असेल तर एक वर्षाचं घ्या आणि पैसे भरताना ऑटो-रिन्यू बंद करा.

हिशेबनीस

आणि वेगळा ईमेल पत्ता द्या, फोन नंबर ऐच्छिक असेल तर रिकामा सोडा. नाहीतर दर आठवड्याला नवी 'आणीबाणी' येते. पत्र नको असेल तर सभासद-सेवेला 'मला निधीची पत्रं पाठवू नका, नाव इतरांना देऊ नका' असं लेखी कळवा, फरक पडायला दोन-तीन महिने जातात. आणि ते फुकट मिळणारं स्टिकर गाडीच्या काचेवर लावू नका, आत पिस्तूल असेल असा अंदाज चोरालाही करता येतो.