मदत हवी आहे : घरात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सरळ कसा कापायचा?

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडं पावसाळ्यात ओल किती असते माहीतच आहे, सिंकखालच्या कपाटाचं प्लायवूड दोन वर्षात फुगून गेलं म्हणून यंदा आत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवालोय. १.५ मिमी जाडीची ४ बाय २ फुटाची शीट बेळगावातनं आणली. तिथल्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, एके ठिकाणी शिअरिंग मशीनवर कापून देता का विचारलं, पण एवढ्या छोट्या कामाला मशीन लावत नाही म्हणाले.

आधी पत्रा कातरीनं बघितलं, कापतंय खरं पण कडा लाटेसारखी वाकडी होतीया आणि हाताला फोड आले. मग ग्राइंडरला लोखंड कापायचं चाक लावलं तर अ‍ॅल्युमिनियम वितळून चाकालाच चिकटलं, चाक बंद करून ठेवलं, ते फुटलं तर डोळा जायचा, असला धोका कुणी घेऊ नका.

आता दोन पर्याय डोक्यात आहेत. एक म्हणजे लोखंडी पट्टी धरून कटरनं दोन्ही बाजूनी खोल रेघ मारायची आणि टेबलाच्या कडेवर पुढंमागं वाकवून मोडायचं, पण १.५ मिमीला ते जमतंय का? दुसरं जिगसॉ, म्हणजे वरखाली चालणाऱ्या पात्याची विजेची करवत, भाड्यानं मिळतोय. त्याला ब्लेड किती दाताचं घ्यायचं, आणि रॉकेल मिळंना तर दात भरू नयेत म्हणून मेणबत्ती घासली तर चालतंय काय? सिंकच्या पाइपला २ इंची गोल भोक पण पाडायचं आहे, होल सॉ (ड्रिलला लावायची गोल दातेरी करवत) साध्या ड्रिलवर चालंल का?

स्वतः केलेल्यांनी सांगा की ओ, रविवारी आईचं स्वयंपाकघर मोकळं करून द्यायचंय.