मदत हवी आहे: एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही असताना दिनक्रम कसा टिकवता?

मोठेपणी माझी दोन्ही निदानं झाली: एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं, चंचलपणा) आणि ऑटिझम (स्वमग्नता). (२०१३ मध्ये डीएसएम-५, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात ती अमेरिकी नियमावली, येईपर्यंत ती एकाच माणसाला एकत्र देत नसत, त्यामुळे माझ्यासारखे बरेच जण राहून गेले असणार.) ऑटिझममुळे मला ठरलेला क्रम लागतो, एडीएचडीमुळे तोच क्रम थोड्याच दिवसांत नकोसा होतो. वेळापत्रक मोडलं की जीव कासावीस, पाळलं की घुसमट. कामात असताना कुणी मागून खांद्यावर हात ठेवला, तर डोक्यातलं सगळं पुसलं जातं आणि परत सुरुवातच करता येत नाही. हे फार थकवणारं आहे.

दोन्ही असलेल्यांनी कृपया सांगा, क्रम ठेवूनही त्यात बदलाला जागा कशी करता? आणि एडीएचडीची गोळी सुरू झाल्यावर आवाज, उजेड जास्त खुपायला लागले, असं कुणाचं झालंय का? डॉक्टरांशी बोलणारच आहे, पण तुमचे अनुभव कळले तर नीट विचारता येईल.