कीकॅड : एक नेट ठळक, बाकी बोर्ड मंद, आणि सी७ उजळतच नाही

लूमवाला, इचलकरंजी
मंडळी, सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर कीकॅड ८, विंडोजवर. पॉवरलूमवर बाण्याचा धागा तुटला की मोटर थांबवणारं दोन थरांचं बोर्ड करतोय, ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर. कालपासून पीसीबी एडिटरमध्ये ३.३ व्होल्टचं नेट (एकमेकांना जोडलेल्या टोकांचा गट) तेवढं ठळक दिसतं, बाकी सगळं विझल्यासारखं. झूम केलं, एफ५ मारलं, फरक नाही. शिवाय त्या नेटात सी७ या कपॅसिटरचा पॅड (पार्टचं टोक डकवायची तांब्याची जागा) उजळत नाही. ट्रॅक जोडलेला आहे, डीआरसीत, म्हणजे बोर्डाच्या नियम-तपासणीत, एकही चूक नाही. ग्राफिक्सचा घोळ असेल का? फाइल उद्या फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) द्यायची आहे.

रेझिस्टर_४७के
प्रेफरन्सेसमध्ये अ‍ॅक्सिलरेटेडच्या जागी फॉलबॅक ग्राफिक्स करून बघा. जुन्या लॅपटॉपवर उपयोग होतो.

तांबेपट्टी
ग्राफिक्सकडे नंतर बघू. आधी उजव्या पॅनेलमध्ये दुसरा थर निवडा. ठळक भाग बदलला, तर तो निष्क्रिय थर मंद करण्याचा मोड आहे. कंट्रोल+एच दाबत राहा, सगळं पूर्ववत होईल. बदलला नाही, तर नेट हायलाइट आहे. आकडा १ च्या डावीकडची कळ नेट उजळवते, तीच शिफ्टसकट दाबली की उजळणं जातं. कीबोर्ड मात्र इंग्रजीवर ठेवा. मराठी लेआउट चालू असला की माझ्याकडे ही कळ काहीच करत नाही.

सी७ बद्दल मला खरी काळजी वाटते. त्या पॅडवर क्लिक करा आणि खालच्या पट्टीत नेटचं नाव काय येतं ते अक्षर न् अक्षर इथे लिहा.

लूमवाला, इचलकरंजी
शिफ्टसकट दाबलं, बोर्ड पूर्ववत झालं. कीबोर्ड खरंच मराठीवर होता!
सी७ वर "/३व्ही३" येतं. ईएसपी३२ च्या पॅडवर "+३व्ही३".

तांबेपट्टी
मग डिस्प्ले बरोबरच आहे. ही दोन वेगळी नेट आहेत. अधिक चिन्हवालं पॉवर सिंबॉलमधून आलंय, तिरकी रेघवालं तुम्ही हाताने लावलेल्या लेबलमधून. सी७ सोबत त्या लेबलवर आणखी काय आहे?

लूमवाला, इचलकरंजी
आर४. सेन्सरचं आउटपुट ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा पुलअप रेझिस्टर, १० के.

तांबेपट्टी
म्हणूनच डीआरसी गप्प आहे. सी७ आणि आर४ एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे त्या नेटात काहीच अपुरं राहत नाही आणि रॅट्सनेस्टची (न जोडलेली टोकं दाखवणारी) रेषाही दिसत नाही. दोन्ही पार्ट पॅसिव्ह, म्हणजे पॉवर-पिन नसलेले, म्हणून ईआरसीलाही (सर्किट-आकृतीच्या तपासणीलाही) पॉवरची तक्रार नाही. पण आर४ ला ३.३ व्होल्ट कुठूनच मिळत नाहीत. सेन्सर ओपन कलेक्टर (आउटपुट फक्त खाली ओढू शकणारा) असेल तर त्याचं आउटपुट वर जाणारच नाही, आणि धागा शाबूत आहे की तुटलाय हे ईएसपीला कळणार नाही.

स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) ते लेबल काढून तिथे पॉवर सिंबॉल लावा. एफ८ ने बोर्ड अपडेट करा. आता रेषा दिसेल, तिथे ट्रॅक ओढा, बी दाबून झोन (तांब्याने भरायचे भाग) पुन्हा भरा. डीआरसी चालवताना स्कीमॅटिकशी ताळमेळ तपासायची खूण टाका. त्यानंतर +३व्ही३ उजळवून सी७ आणि आर४ दोन्ही पॅड डोळ्यांनी बघा, मगच गर्बर (फॅबला द्यायच्या फाइली) काढा.

लूमवाला, इचलकरंजी
रेषा आली. सी७ पासून रेग्युलेटरपर्यंत. ट्रॅक ओढतोय, फॅबला परवा देतो.