अमेरिकेत संकष्टी सोडायला भारतातलं कॅलेंडर चालतं का?

न्यूजर्सीची_सून
इकडे येऊन 3 वर्षं झाली, दर डिसेंबरात सासूबाई आठवणीने कालनिर्णय पाठवतात, भिंतीवर तेच आहे. मी संकष्टी करते. आत्तापर्यंत कॅलेंडरात मुंबईचा चंद्रोदय बघायचा आणि इथल्या घड्याळात तेवढे वाजले की नैवेद्य दाखवून जेवायचं असं चाललं होतं. परवा नवरा सहज बाल्कनीत गेला तर चंद्राचा पत्ताच नाही, पाऊण तासाने उगवला! म्हणजे इतके दिवस मी चंद्र उगवायच्या आधीच उपास सोडत होते की काय?? आणि अ‍ॅपवर न्यूयॉर्क टाकलं की कधी कधी संकष्टी आदल्याच दिवशी दाखवतात. 2024 च्या दिवाळीत पण तेच, इथल्या देवळात लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरला आणि सासरी पुण्यात 1 नोव्हेंबरला. नक्की बरोबर कोण? "श्रद्धा असली की झालं" हे उत्तर प्लीज नको, ते आईने सांगून झालंय.

घटीपळे
दोघंही बरोबर. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं अंतर, दर 12 अंशाला तिथी बदलते. चंद्र कधी जोरात कधी हळू त्यामुळे एखादी तिथी 19 तासांत आटपते तर एखादी 26 तास पण चालते. आता हे सगळं वर आकाशात चाललंय, त्यामुळे तिथी संपते तो क्षण अख्ख्या जगात एकच, फक्त तुमच्या घड्याळात तेव्हा वेगळे वाजलेले असतात. पण सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय हे ज्याच्या त्याच्या गावचे. आणि सणाला तिथी कधी हवी ते ठरलेलं असतं, संकष्टीला चंद्रोदयाला चतुर्थी हवी, रामनवमीला माध्यान्हीला नवमी, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर लगेच, अमावास्या.

तुमची दिवाळीच घ्या. अमावास्या लागली 31 ऑक्टोबरला दुपारी 3:52 ला आणि संपली 1 नोव्हेंबरला संध्याकाळी 6:16 ला. पुण्यात 31 सारखीच 1 तारखेला पण सूर्यास्ताला अमावास्या होती, म्हणून दाते पंचांगाने दुसरा दिवस धरून 1 तारीख दिली (उत्तरेकडे बऱ्याच जणांनी 31 लाच केलं, त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर केवढी भांडणं झाली आठवतंय ना). तुमच्याकडे तीच अमावास्या 31 ला सकाळी 6:22 ते 1 तारखेला सकाळी 8:46. म्हणजे तुम्हाला अमावास्येची संध्याकाळ एकच मिळाली, 31 ची. देवळातल्या गुरुजींनी डोकं लावलं होतं, उगाच वीकेंड बघून तारीख नव्हती धरली.

फणसगरे
तुमचा घोळ निदान समुद्रापलीकडचा तरी आहे. आमचं रत्नागिरीकडचं घर टिळक पंचांगवालं, काकांकडे दाते. एकाच वाडीत संक्रांत आमची 10 जानेवारीला, त्यांची 14-15 ला 😀 लहानपणी दोनदा तिळगूळ मिळायचा म्हणून आमची काही तक्रार नव्हती. टिळकांचं राशी मोजायचं गणित रेवती ताऱ्यापासून, दात्यांचं चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरून, मध्ये साधारण 4 अंशांचा फरक, म्हणून संक्रांत 4 दिवस मागेपुढे. खरी मजा एखाद्या अधिक महिन्याच्या वर्षी. दोघांचा अधिक महिना वेगळा पडला की आमचे गणपती येऊन विसर्जन पण होतं आणि काकांकडे अजून मखराचा पत्ता नसतो, चाकरमान्यांनी रजा नक्की कधी टाकायची सांगा.

घटीपळे
@फणसगरे दोनदा मोदक खाणाऱ्याने तक्रार करू नये.

टेक्सासचा_बंड्या
ताई, कामाचं सांगतो. कॅलेंडरात तिथी संपायची वेळ असते त्यातून तुमच्याकडे साडेनऊ तास वजा करायचे, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे गेलं की साडेदहा. हे दरवर्षी विसरतो मी. चंद्रोदयाचं मात्र असं वजाबाकी करून चालत नाही, तो स्वतःच्या गावाचाच बघायचा. आमच्या मंडळाचं विचाराल तर गुढीपाडवा असो की कोजागिरी, शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी.

आजी_ऑनलाइन
अगं झालेल्या उपासाचं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्यापासून बघ नीट. ढग असले तर वेळ झाली की अर्घ्य दे आणि जेव, ताटकळत बसू नको.

न्यूजर्सीची_सून
सगळ्यांना थँक्यू, आजी तुम्हाला जास्त 🙏 आत्ता सगळ्या संकष्ट्या इथल्या वेळेने पेन्सिलने कॅलेंडरवर लिहून काढल्या. एक घोळ झालाय, भारतात मंगळवारी येणारी एक संकष्टी माझ्याकडे सोमवारी पडतेय, म्हणजे अंगारकीच गेली की हो! सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "तू सोमवारचा कर, मंगळवारचा मी करते तुझ्या वाटचा."