शब्दचर्चा : न बोलणाऱ्या बहिणीला काय म्हणावं? मौन, अबोला, अबोली, उगी

एक शब्द हवा आहे. कोशात शोधून मिळाला नाही, म्हणून इथं विचारते.

ग्रिमबंधूंच्या १८१२च्या संग्रहातली सहा हंसांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. सावत्र आई सहा भावांवर मंतरलेले सदरे टाकते आणि ते हंस होऊन उडून जातात. त्यांना परत माणसांत आणायचं तर बहिणीनं सहा वर्षं बोलायचं नाही, हसायचंही नाही, आणि तेवढ्या काळात चांदणीसारख्या फुलांचे सहा सदरे शिवायचे. मधे एक राजा तिला लग्न करून नेतो. सासू तिची बाळं पळवते आणि आळ तिच्यावरच घालते. जाळायला नेतात तरी ती तोंड उघडत नाही. शेवटच्या सदऱ्याची डावी बाही तेवढी राहून जाते, म्हणून धाकट्याला डाव्या हाताच्या जागी पंखच राहतो.

ही गोष्ट मी सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी नव्यानं लिहायला घेतलीय आणि ती १९४२च्या बेळगावात आणलीय. सहाचे भाऊ तीन केले. थोरला मराठा पलटणीत. २१ जून १९४२ला उत्तर आफ्रिकेतलं तोब्रूक पडलं तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन तिथं होती, ती कैदेत गेली. घरी तार येते ती एवढीच, की बेपत्ता. मधला ऑगस्टपासून 'चले जाव'च्या चळवळीत भूमिगत. धाकटा अजून घरात आहे, पण तोही पुढं भरती होऊन इटलीला जाणार. राजा कुठून आणायचा हा माझा मोठा प्रश्न होता, तो शहापूरनं सोडवला. आज बेळगावला चिकटून असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. म्हणजे कँपात, बेळगावच्या लष्करी छावणीत, गोऱ्या साहेबाचं राज्य आणि हाकेच्या अंतरावर खराखुरा राजा. मुलगी शहापूरच्या मागवाल्यांच्या घरची.

तिच्या न बोलण्याला आता चेटूक लागत नाही. एका भावाबद्दल बोललं तर दुसऱ्याला झळ लागते. सरकारची पेन्शन कुणाच्या नावावर येईल आणि सरकारचे पोलीस कुणाला शोधतायत, दोन्ही एकाच घरातले. म्हणून ती बोलतच नाही, कुणाशीच.

या न बोलण्याला काय म्हणू? 'मौन' लिहिलं की ती तपाला बसल्यासारखी वाटते. 'अबोला' लिहिला तर रुसल्यासारखी. 'मुकी' म्हणजे तर तिला बोलताच येत नाही असं होईल. नाव ठरत नाही तोवर पुस्तक पुढं सरकत नाहीये.

निपाणीहून :

ताई, नाम शोधू नका, आधी क्रियापद बघा. मौन पाळतात. अबोला धरतात आणि सोडतात. वाचा बसते, नाहीतर जाते. मूग गिळतात. चाळीस वर्षं मराठी शिकवताना मी मुलांना हेच सांगत आलो, की शब्दाचा स्वभाव त्याच्या क्रियापदात असतो.

पाळायचं म्हणजे नेम आला, पुण्य आलं. आमच्या घरात चातुर्मासात आई मुक्यानं जेवायची, वाढप हवं-नको सगळं हातानं खुणावून. त्यात समाधान होतं, धाक नव्हता. अबोला तर एकट्याला धरताच येत नाही. तो दोघांत असतो, जावाजावांत, नवराबायकोत, भाऊबंदकीत, आणि समोरच्याला तो कळावा अशी इच्छा असते. तुमच्या मुलीला तर काहीच कळू द्यायचं नाहीये. 'मूग गिळून' तिला अजिबात लावू नका. ज्यानं बोलायला हवं होतं आणि जो बोलला नाही, त्याच्यासाठी तो वाक्प्रचार आहे.

वाक्यात तुम्हाला 'ब्र काढला नाही' आणि 'चकार शब्द' हे दोन्ही चालतील. पुस्तकाच्या नावाला नाही.

बेळगावहून :

ताई, 'अबोली' ठेवा ना! न बोलणारी म्हणून अबोली, आणि मूळ गोष्टीत सदरे फुलांचेच आहेत. गणपत गल्लीत सणाच्या आदल्या दिवशी अबोलीचे गजरे केवढे असतात. तुमची नायिका अबोलीच्या फुलांचे सदरे गुंफते असं दाखवता येईल.

मूळ प्रश्नकर्ती :

अगं, वाचून अंगावर काटा आला. खरंच दोन दिवस मी ते नाव लिहून ठेवलं होतं. मग पहिलं प्रकरण त्या नावाखाली वाचून बघितलं आणि जमेना. अबोली म्हटलं की नाजूक, लाजरी मुलगी डोळ्यासमोर येते, खाली मान घातलेली. माझी मुलगी पोलीसपाटलाच्या डोळ्याला डोळा देऊन गप्प उभी राहते. फूल मात्र तुझं घेतलं. धाकटा भरतीला निघतो त्या दिवशी तिच्या केसांत अबोलीचा गजरा आहे, एवढंच.

खानापूरहून :

नावाचं मला कळत नाही, वनस्पतीचं सांगतो. डॅनिश लेखक अँडरसननं १८३८मध्ये हीच गोष्ट अकरा भावांची करून लिहिली, त्यात फुलांऐवजी आग करणारं झुडूप आहे. बहीण ते पायांनी तुडवते, त्याचा धागा काढते, हाताला फोड येतात. मराठी भाषांतरात तिथं 'खाजकुइली' घातलेली मी वाचलीय. आमच्या रानात खाजकुइली ढिगानं आहे. तिच्या शेंगेवरची लव लागली की माणूस नाचतो, पण तिचं कुणी कापड केलेलं मी ऐकलं नाही.

तुम्हाला खाज आणि धागा दोन्ही हवं असेल तर घायपात घ्या. बांधाबांधाला असतं. पान ठेचलं की रस अंगाला लागतो आणि चांगलं खाजतं. पाण्यात कुजवून, बडवून जो धागा निघतो त्याला वाख म्हणतात, त्याचे दोर करतात. लढाईत जपान्यांनी फिलिपिन्स घेतल्यावर मनिलाचा वाख दोस्तांच्या हातचा गेला आणि दोरखंडाला चणचण पडली. तेव्हा १९४२ला एक पोरगी वाख काढत बसलीय यात कुणाला नवल वाटणार नाही. नावातच 'घाय' आहे, तेही बघा.

आणि एक. 'महायुद्ध' हा शब्द निवेदनात ठेवा, घरातल्या माणसांच्या तोंडी घालू नका. आमची म्हातारी माणसं 'लढाई'च म्हणायची. लढाईवर गेला, लढाईतनं आला, लढाईच्या वेळचा कंट्रोलचा तांदूळ. महायुद्ध आम्ही शाळेत शिकलो.

शहापूरहून :

ताई, मी मागवाल्यांच्या घरातला. आमचे हातमाग गेले, पॉवरलूम आले, पण आजी अखेरपर्यंत कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिच्या एका सवयीबद्दल सांगायचंय.

कांडी भरताना धागा तुटला की ती एक टोक ओठांत धरायची, दुसरं चिमटीत, आणि गाठ मारायची. तेवढा वेळ बोलणं बंद. आम्ही पोरं नेमकी तेव्हाच काहीतरी विचारायचो. ती नुसती भुवई उचलायची. गाठ बसली, टोक ओठांतून सुटलं की पहिला शब्द यायचा 'उगी'. म्हणजे थांब, गप्प राहा, सांगते. रडणाऱ्या पोरालाही 'उगी', भांडणाऱ्या सुनांनाही 'उगी राहा गं'.

शेजारी कन्नड घर. तिथली अव्वा अगदी अशाच वेळी 'सुम्मने इरू' म्हणायची, घाईत नुसतं 'सुम्न'. आता गंमत अशी, की कन्नडमध्ये सुम्मने म्हणजे गप्प, शांत आणि सुम्मने म्हणजेच विनाकारण. 'सुम्मने बंदे', उगीच आलो. आणि आपल्याकडं? उगी म्हणजे गप्प आणि उगीच म्हणजे विनाकारण! दोन भाषांची मुळं वेगळी, शब्द वेगळे, आणि अर्थाची जोडी मात्र तीच. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या हे बोलत होत्या आणि मी इतकी वर्षं रोज ऐकत होतो.

तुमच्या मुलीला 'उगी' म्हणून बघा.

मूळ प्रश्नकर्ती :

दादा, तुमचा हा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला.

मग मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडला. 'उगा' हे विशेषण त्यात आहेच, शांत, गप्प, स्थिर या अर्थानं. उगा, उगी, उगे असं लिंगवचनानुसार चालणारं. संतांच्या ओव्यांत 'उगा राहणे' किती वेळा वाचलंय, पण मी तिथंही मनातल्या मनात 'उगाच' वाचत होते. आपल्या बोलण्यात आज त्याचे दोन तुकडे उरलेत. पाळण्यापाशी 'उगी उगी' आणि बाकी सगळीकडं 'उगीच'.

माझ्या गोष्टीला हे दोन्ही तुकडे हवे आहेत. आई नसलेल्या घरात धाकट्याला तिनंच वाढवलंय, त्याला ती लहानपणी 'उगी उगी' म्हणून निजवते. पुढं स्वतः उगी होते. आणि गल्लीतले लोक म्हणतात, ही उगीच बसलीय, हिला काय झालंय. एकाच शब्दात ती आणि तिच्याबद्दलचा गैरसमज, दोन्ही. वाक्य असं केलंय :

"तार वाचून झाली. तिनं धोटा उचलला, परत जागेवर ठेवला आणि त्या दिवसापासून ती उगी झाली."

निपाणीहून :

वाक्य चांगलं आहे. पण एक शंका मांडतो, रागावू नका. सतरा वर्षांच्या मुलाला 'उगी झाली' कळेल? रडणं थांबलं असं तो समजेल.

मूळ प्रश्नकर्ती :

सर, रागावते कशाला. शंका बरोबर आहे. म्हणून तर आधी तीन पानं 'उगी उगी' येऊ दिलंय, आजी म्हणते, बहीण म्हणते. शब्द कानावर बसला की मग तो तिच्यावर येतो. आणि रडणं थांबलं असं कुणी समजलं तरी मला चालेल. तार आल्यावर ती रडलेलीच नाही. जे रडणं आलंच नाही ते थांबलं, असाही त्याचा अर्थ लागतो.

पूर्वीचं 'प्रोषितभर्तृका' मला आठवत होतं, नवरा परगावी गेलेली. काव्यशास्त्रातल्या आठ नायिकांत तिला जागा आहे, कवींनी तिच्यावर भरभरून लिहिलंय. भाऊ बेपत्ता असलेल्या बहिणीसाठी मात्र शास्त्रात नाव नाही. निदान एक साधा शब्द तरी तिला मिळावा.

बेळगावहून :

पटलं ताई. 'अबोली'चा हट्ट सोडला. पण मुखपृष्ठावर खाली काय छापणार, 'परीकथा'?

मूळ प्रश्नकर्ती :

नाही. गोष्टीत एकही परी नाही, आणि आपल्या आज्यांच्या गोष्टींतही परी क्वचितच यायची. असायच्या त्या साती आसरा, हडळ, राक्षस, नावडती राणी. परी फारसीतून आली आणि इंग्रजी शब्दाशी आवाज जुळला म्हणून तिथं बसली. जर्मनमध्ये या गोष्टींना म्हणतात 'मेर्शन', म्हणजे छोटी वार्ता, छोटी खबर. ग्रिमबंधू गोष्टी गोळा करत होते तेव्हा त्यांच्या कासेल गावावर नेपोलियनच्या भावाचं राज्य होतं, तेही एका अर्थी लढाईच्या दिवसांतच ऐकत होते. मी 'कहाणी' छापणार आहे. कथानिकेवरून प्राकृतातून आलेला आपला शब्द, श्रावणात अजून तोंडी असतो. वयाची पाटी लावायची नाही. 'किशोर' म्हटलं की सतरा वर्षांची मुलगी हातच लावत नाही.

आता शेवटचा अडलेला शब्द. धाकटा इटलीतून येतो, डावा हात नाही. लोक त्याला 'थोटा' म्हणणार, ते मी गल्लीच्या तोंडी ठेवलंय. बहीण काय म्हणेल? आणि अपुऱ्या सदऱ्याला 'बाही' लिहू की 'अस्तनी'?

खानापूरहून :

अस्तनी आता फक्त निखाऱ्यापुरती राहिलीय. बाहीच लिहा. बाही बाहूवरून आलीय, म्हणजे सदऱ्याची बाही राहिली म्हटलं की हातही राहिला, वेगळं सांगायला नको.

बहीण त्याला काहीच म्हणणार नाही. आमचे एक चुलत आजोबा लढाईतनं असेच आले होते. घरात त्यांच्या हाताबद्दल कुणी शब्द वापरला नाही. आजी सदरे धुऊन वाळत घालायची आणि घडी घालताना डावी बाही कोपरापर्यंत दुमडून दोन टाके घालून ठेवायची. दर धुण्याला उसवायची, दर घडीला परत घालायची.