मुंबई–नागपूर: दारापासून दारापर्यंत तुम्हाला किती वेळ लागला?

भाच्याने विचारलं, "मामा, विमानाने नागपूर किती?" मी सवयीने "दीड तास" म्हणालो. त्याच आठवड्यात मला घराच्या कुलपापासून बहिणीच्या बेलपर्यंत साडेसहा तास लागले होते! सरळ रेषेत अंतर 700 किलोमीटरच्या आत, रेल्वेने 837. तिकिटावरची वेळ सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचा खरा हिशोब सांगा.

लोकलवाली, बदलापूर
लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ, मग रिक्षा. विमानतळ दिसेपर्यंत दोन तास गेलेले. मग रांगा. त्यापेक्षा संध्याकाळी कल्याणला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं, डबा खायचा, झोपायचं. सकाळी नागपूर. वेळ जास्त जातो, पण तो झोपेत जातो.

तर्री पोहे
आमचं बरं आहे बाप्पा, सोनेगाव गावातच. घरून निघालो का अर्ध्या तासात विमानतळ. मुंबईवर पोचलो की मात्र घिरट्या सुरू. मागच्या वेळी खाली तेच डोंगर तीनदा पाहिले. बाजूचे काका म्हणे, "पायलट पत्ता विसरला काय?"

वाऱ्यावरचा
पायलटला कशाला बोल? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. म्हणून विमानांना वर थांबवतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत जमिनीवरचं रांगणंही धरलेलं असतं, प्रत्यक्ष हवेत आपण तासाभराहून थोडेच जास्त असतो. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा. नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर, म्हणून परतीला काही मिनिटं जास्त लागतात. दोन वर्षं दर महिन्याला ये-जा केली, घड्याळ लावून बघितलंय.

टपालवाल्याचा मुलगा
थोडं विषयांतर. वडील टपाल खात्यात होते. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी विमानं मध्यरात्री नागपुरात यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत परत. नागपूर मधोमध, म्हणून हा मान. वडील सांगायचे, विमान दिसायच्या आधी आवाजावरून ओळखायचं, आणि उशीर झाला की चहावाल्याची चांदी. पत्र मात्र दुसऱ्या दिवशी मुंबईत. आजचं कुरिअर कधी कधी चार दिवस लावतं!

चाकावर
समृद्धी महामार्ग, 701 किमी. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर–शिर्डी खुला झाला, जून 2025 मध्ये इगतपुरी–आमणे हा शेवटचा तुकडा. जेवण, दोन चहा धरून नागपूरहून आमण्याला साडेआठ तासांत आलो. आणि आमण्याहून दादर? अडीच तास. भिवंडीत बायकोने शांतपणे विचारलं, "आता विमान कुठवर गेलं असतं?" मी उत्तर दिलं नाही.

माहेर नागपूर
2015 साली रात्री अकराला फोन आला, बाबांना दवाखान्यात हलवलं. शेवटचं विमान गेलेलं. पहाटेच्या विमानाचा दर बघून हात थांबला, तरी काढलं तिकीट. ठाण्याहून अडीचला निघाले आणि साडेआठला त्यांच्या खाटेजवळ होते. त्या सहा तासांत विमानातला वेळच काय तो हलका गेला, कारण फोन बंद होता.
बाबा बरे झाले. पण तेव्हापासून आई विमानाची वेळ विचारतच नाही. "घरून कधी निघालीस?" एवढंच विचारते, त्यात सहा तास मिळवते आणि त्या बेताने कणीक भिजवते.