मदत हवी आहे: एमा वॉटसनच्या भाषणातला 'वी' म्हणजे आपण की आम्ही?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी अभिनेत्री एमा वॉटसनचं 'ही फॉर शी' भाषण घेतलंय; स्त्री-पुरुष समानतेच्या कामात पुरुषांनाही सामील करून घेणाऱ्या मोहिमेचं. २० सप्टेंबर २०१४, न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय. पद्धत सामाजिक चिन्हमीमांसेची (समाजात चिन्हांतून अर्थ कसा घडतो याचा अभ्यास), म्हणजे भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे आणि पुढे ती चौकट चित्र-दृश्यांना लावणारे क्रेस-व्हान लीवन. शब्द, आवाज, पेहराव, कॅमेरा सगळं एकत्र वाचायचं.

दृश्याचा भाग जमतोय. पांढरा पोशाख, मागे राष्ट्रसंघाची खूण, आणि आवाजातला कंप. तो कंप मला फार बोलका वाटतो; पद अधिकाराचं (यूएन विमेनची सदिच्छादूत), पण आवाज माणसाचा. आठव्या वर्षी नाटुकलं बसवायला पुढे झाली म्हणून 'बॉसी' ठरली, हा किस्साही त्याच कामाचा. (आपल्याकडे 'आगाऊ' म्हणाले असते.)

अडलंय ते सर्वनामांपाशी. ती पुरुषांना रीतसर निमंत्रण देते, हा तुमचाही प्रश्न आहे म्हणते. मग तिच्या 'वी'त ते धरायचे की नाही? मराठीत 'आपण' की 'आम्ही' ठरवावंच लागतं, इंग्रजीत ते झाकलेलं राहतं. मी प्रत्येक 'वी'चा अनुवाद करून बघतेय. एकाच परिच्छेदात दोन्ही निघतात! मार्गदर्शक म्हणतात, हा अनुवादाचा प्रश्न झाला, विश्लेषणाचा नाही. मला ते पटत नाही.

हॅलिडेच्या चौकटीत अर्थाचा एक पदर वक्ता-श्रोता नात्याचा असतो; हे त्यात बसवता येईल का? कुणी मराठी भाषणांवर असं काम केलं असेल तर कृपया सांगा. सादरीकरण पुढच्या गुरुवारी आहे.